कोविड-१९ महासाथीनंतर भारतातील हवाई प्रवासाच्या मागणीचे पुनरुज्जीवन

कोविड-१९च्या महासाथीमुळे २०२० मध्ये भारतातील हवाई प्रवास काही काळ पूर्णपणे थांबला आणि पुढील तीन-चार वर्षांत तो टप्प्याटप्प्याने पूर्वपदावर आला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशांतर्गत विमानांनी सुमारे १४.४२ कोटी प्रवाशांची ने-आण केली. ही संख्या २०२० मध्ये ६.३० कोटी, २०२१ मध्ये ८.३८ कोटी, २०२२ मध्ये १२.३२ कोटी आणि २०२३ मध्ये १५.२० कोटी होती. (हे आकडे माणसांचे नसून प्रवासांचे असतात, जाऊन-येऊन प्रवास करणारी एकच व्यक्ती त्यांत किमान दोनदा मोजली जाते.)

या आकड्यांच्या आधारे, भारतातील मागणी चौथ्या वर्षी भरून निघाली असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान चुकीचे नसले तरी अपुरे आहे. महासाथीच्या काळात प्रवासाची गरज फारशी ओसरली नव्हती. ती अडवली गेली होती. आधी सरकारी निर्बंधांनी, मग साथीच्या लाटांनी आणि अखेरीस विमानांच्या टंचाईने तिला रोखले. कोणत्या वेळी कोणता अडसर होता हे पाहिल्याशिवाय या पुनरुज्जीवनाचा वेग उलगडत नाही.

== पूर्वानुभव आणि अंदाज ==

हवाई वाहतुकीला याआधीही धक्के बसले होते. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतील प्रवासीसंख्या पूर्वीच्या पातळीवर येण्यास सुमारे तीन वर्षे लागली. २००३ मधील सार्सच्या साथीत हाँगकाँग व पूर्व आशियातील वाहतूक काही महिने कोसळली, परंतु तुलनेने लवकर सावरली. या दोन्ही प्रसंगी जगातील उरलेली विमाने उडत होती. २०२० मध्ये तसे राहिले नाही. त्या वर्षी जगातील हवाई वाहतूक, प्रवासी-किलोमीटरमध्ये मोजता, आदल्या वर्षापेक्षा सुमारे ६६ टक्क्यांनी घटली.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने (आयाटा) जुलै २०२० मध्ये असा अंदाज वर्तवला की, जागतिक वाहतूक २०१९च्या पातळीवर २०२४ पूर्वी येणार नाही. तो बव्हंशी खरा ठरला. २०२३ची जागतिक वाहतूक २०१९च्या सुमारे ९४ टक्के होती आणि २०२४ची तिच्यापेक्षा ३.८ टक्क्यांनी अधिक. मात्र वाटेत प्रत्येक देशाची गती वेगळी होती. चीनची देशांतर्गत वाहतूक २०२०च्या अखेरीस बरीचशी सावरली होती. पुढे कठोर निर्बंधांमुळे ती पुन्हा घसरली आणि जानेवारी २०२३ मध्ये निर्बंध उठल्यावरच मोकळी झाली. एकच जागतिक आलेख दाखवून कोणत्याही देशाचे भविष्य सांगणे किती धोक्याचे आहे, याचे हे ठळक उदाहरण होय.

== निर्बंधांचा काळ ==

२५ मार्च २०२० पासून भारतातील देशांतर्गत उड्डाणे बंद करण्यात आली. बरोबर दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, ती पूर्वीच्या एक-तृतीयांश क्षमतेने पुन्हा सुरू झाली. ही मर्यादा जूनमध्ये ४५ टक्के, सप्टेंबरमध्ये ६० टक्के आणि डिसेंबरमध्ये ८० टक्के करण्यात आली. दुसऱ्या लाटेत, जून २०२१ मध्ये, ती पुन्हा ५० टक्क्यांवर आणली गेली आणि १८ ऑक्टोबर २०२१ रोजी पूर्णपणे उठली. म्हणजेच जवळजवळ सतरा महिने विमान कंपन्यांना मागणी असली तरी एका हद्दीपलीकडे उड्डाणे करता येत नव्हती. या काळातील प्रवासीसंख्येला ‘मागणी’ म्हणणे हे धरणाच्या दारांतून सुटलेल्या पाण्यावरून पावसाचे माप काढण्यासारखे आहे.

भाड्यांवरही बंधने होती. उड्डाणाच्या कालावधीनुसार सात गट पाडून प्रत्येकासाठी किमान व कमाल भाडे ठरवण्यात आले. सुरुवातीला दिल्ली-मुंबई मार्गासाठी ते अनुक्रमे ३,५०० व १०,००० रुपये होते. कमाल मर्यादा प्रवाशांच्या संरक्षणासाठी होती हे उघड आहे. किमान मर्यादेचा हेतू वेगळा होता: पुरेशी रोकड असलेल्या कंपनीने भाडे पाडून दुबळ्या कंपन्यांना संपवू नये. तीन महिन्यांसाठी म्हणून आलेली ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत टिकली.

केंद्राच्या नियमांवर राज्यांच्या नियमांचा थर होता. महाराष्ट्राने आरंभी मुंबईहून दिवसाला केवळ २५ विमाने सुटण्यास व २५ उतरण्यास संमती दिली. जुलै २०२० मध्ये पश्चिम बंगालने मुंबई, पुणे व नागपूर यांसह सहा शहरांहून येणारी विमाने काही काळ बंद ठेवली. २५ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून येणाऱ्या प्रवाशांना आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल सक्तीचा केला. विमानात मधली जागा रिकामी ठेवावी काय, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२० मध्ये न्यायालयाने, सुरक्षेच्या अटी पाळून, ती जागा भरण्यास मुभा दिली. अशा परिस्थितीत तिकीट काढणाऱ्याला भीती आजाराची होती, तशीच अनिश्चिततेचीही होती. आज निघालो तर उतरल्यावर विलगीकरणात जावे लागेल काय, परतीचे विमान सुटेल काय, हे कोणालाच ठाऊक नसे.

या अनिश्चिततेत परताव्याच्या प्रश्नाची भर पडली. रद्द झालेल्या उड्डाणांचे पैसे परत न देता अनेक कंपन्यांनी ते भावी प्रवासासाठी जमा म्हणून ठेवले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याचे, तर अडचणीतील कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी जमापत्रे देण्याचे निर्देश दिले. मागणीच्या चर्चेत उत्पन्न आणि भाडे यांचा विचार होतो. आपले पैसे बुडणार नाहीत या विश्वासाचा विचार क्वचित होतो. वस्तुतः सहा महिने आधी तिकीट काढणारा प्रवासी परत येतो तो या विश्वासावरच.

== लाटा आणि उसळी ==

मासिक आकडे वार्षिक आकड्यांपेक्षा अधिक बोलके आहेत. मे २०२० मध्ये, सेवा महिन्याचा शेवटचा आठवडाच चालू असल्याने, २.८१ लाख प्रवाशांनी प्रवास केला. डिसेंबर २०२० मध्ये ही संख्या ७३.२७ लाखांवर गेली. एप्रिल २०२१ मध्ये ५७.२५ लाख आणि मे २०२१ मध्ये २१.१५ लाख अशी दुसऱ्या लाटेची घसरण झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रवासी १.१२ कोटी होते. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे संख्या ६४ लाखांपर्यंत उतरली आणि मार्चमध्ये पुन्हा सुमारे १.०७ कोटी झाली.

प्रत्येक वेळी घसरण तीव्र होती, पण सावरण्यास लागलेला अवधी कमी होत गेला. दुसऱ्या लाटेआधीची पातळी पुन्हा गाठायला सहा-सात महिने लागले, तर ओमायक्रॉनच्या वेळी दोन महिन्यांत बहुतेक तूट भरून आली. लसीकरण हे याचे एक कारण. लोकांनी धोक्याचा अंदाज घेण्यास शिकणे हे दुसरे.

== कोणते प्रवासी परतले ==

व्यावसायिक प्रवास कायमचा घटेल, असे भाकीत महासाथीच्या काळात अनेकांनी केले. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक बिल गेट्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्याहून अधिक व्यावसायिक प्रवास संपुष्टात येईल असे म्हटले होते. इतकी घट झाली नाही. तथापि एका बैठकीसाठी सकाळी मुंबईहून दिल्लीला जाऊन रात्री परतणे, हा प्रकार दूरदृश्य बैठकांमुळे काही प्रमाणात अनावश्यक ठरला. महासंचालनालयाची आकडेवारी प्रवासाचे कारण नोंदवत नसल्याने या बदलाचे नेमके माप काढता येत नाही. लग्नकार्ये, आजारपणे, शिक्षण, परगावी राहणाऱ्या मुलांच्या भेटी यांसाठीचा प्रवास मात्र आधी परतला. तो पुढे ढकलता येतो, पडद्यावर उरकता येत नाही.

लहान शहरांच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे निर्बंध पूर्ण उठण्याआधीच, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला. मुंबईतील कोकणी कुटुंबांना गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावी जावेच लागते; मागणी होती यात शंका नाही. पण ती वर्षभर सारखी नसते, आणि उडान योजनेतील अनुदान एका मार्गाला तीन वर्षेच मिळते. अशा विमानतळांची खरी कसोटी ती मुदत संपल्यावर लागते.

== विमानांची टंचाई ==

२०२२ नंतर अडसर प्रवाशांच्या बाजूने उरला नाही. युरोपात कंपन्यांनी व विमानतळांनी महासाथीत कमी केलेले कर्मचारी वेळेत परत न मिळाल्याने २०२२च्या उन्हाळ्यात गोंधळ उडाला. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दिवसाला एक लाख प्रस्थानी प्रवाशांची मर्यादा घालावी लागली. भारतातही इंडिगोने जुलै २०२० मध्ये १० टक्के कर्मचारी कमी केले होते, पण येथे अडचण पुढे मुख्यतः विमानांची झाली. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांतील दोषांमुळे शेकडो विमाने जगभर जमिनीवर राहिली. इंडिगोची सत्तराहून अधिक विमाने २०२४च्या आरंभी उभी होती. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये याच इंजिनांचे कारण देत दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि तिची उड्डाणे थांबली. विमान इंधनही महागले. जून २०२२ मध्ये दिल्लीतील दर किलोलिटरमागे १ लाख ४१ हजार रुपयांवर गेला.

आकासा एअर ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली आणि एअर इंडिया त्याच वर्षी जानेवारीत टाटा समूहाकडे गेली, तरी २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या इंडिगोचा होता. २०१९ मध्ये तो निम्म्यापेक्षा कमी होता. मागणी पूर्वपदावर आली; स्पर्धा आली नाही. सणासुदीच्या भाड्यांविषयीच्या तक्रारींचे मूळ बव्हंशी येथे आहे.

== २०१९ हा मापदंड ==

तुलनेसाठी वापरले जाणारे २०१९ हे वर्षही सर्वसाधारण नव्हते. त्या वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि देशांतर्गत वाढ केवळ ३.७ टक्के झाली; त्याआधीच्या वर्षी ती १८ टक्क्यांहून अधिक होती. २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत प्रवासीसंख्या ६.७४ कोटींवरून १४.४२ कोटींवर, म्हणजे दुपटीहून अधिक झाली. पुढील पाच वर्षांत, २०२४ मधील १६.१३ कोटी धरूनही, एकूण वाढ सुमारे १२ टक्केच आहे. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी एका दिवसात प्रथमच पाच लाखांहून अधिक देशांतर्गत प्रवाशांनी प्रवास केला, याचा मोठा गाजावाजा झाला. महासाथ आली नसती तर हा दिवस काही वर्षे आधीच उजाडला असता, असे मानण्यास आधीच्या वाढीचा वेग पुरेसा आधार देतो.

== आंतरराष्ट्रीय प्रवास आणि गोवा ==

नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजी, म्हणजे दोन वर्षांनी, सुरू झाली. मधल्या काळात मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेतील विमाने आणि जुलै २०२० पासून निवडक देशांशी झालेले ‘एअर बबल’ करार यांवर भागवावे लागले. भारतात येणारे विदेशी पर्यटक २०१९ मध्ये १.०९ कोटी होते. २०२४ मध्येही ते एक कोटीच्या किंचित खालीच राहिले.

देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मागणीतील ही दरी गोव्यात सर्वांत स्पष्ट दिसते. राज्याच्या पर्यटन विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये तेथे ७१ लाख देशी आणि ९.३७ लाख विदेशी पर्यटक आले. २०२४ मध्ये देशी पर्यटक ९९ लाखांवर गेले, तर विदेशी ४.६८ लाखांवरच थांबले. रशिया व ब्रिटनहून हिवाळ्यात येणारी भाडोत्री विमाने पूर्वीच्या संख्येने परतली नाहीत. रशिया-युक्रेन युद्ध हे त्याचे एक कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील दुसरा विमानतळ सुरू झाल्याने राज्याची क्षमता वाढली आणि ती प्रामुख्याने देशी प्रवाशांनी भरली. त्यांचा मुक्काम विदेशी पर्यटकांपेक्षा सहसा कमी दिवसांचा असतो. त्यामुळे विमानतळावरील गर्दी वाढूनही, विदेशी पाहुण्यांच्या दीर्घ मुक्कामावर हंगाम काढणाऱ्या किनारी व्यावसायिकांसाठी २०१९ची पातळी अद्याप परतलेली नाही.