डॉलर, तर्री आणि पीएफ

परवा बर्डीवर तर्री-पोहे खाताना मित्र म्हणाला, "तुझं बरं आहे बे, घरबसल्या डॉलर!" हसलो. काय सांगणार?

परदेशी क्लायंट टीडीएस कापत नाही. खात्यात आलेलं सगळं आपलंच वाटतं... मार्चपर्यंत! जमा 75 लाखांच्या आत आणि जवळपास सगळी बँकेतून असेल, तर किमान निम्मी रक्कम उत्पन्न दाखवायची सोय आहे. मात्र पूर्ण अ‍ॅडव्हान्स टॅक्स 15 मार्चपर्यंत भरायचा. एवढं झेपतं.

गोची वेगळीच आहे. करखात्यासाठी मी व्यावसायिक. प्रत्यक्षात क्लायंट एकच, वेळ त्याची, रोज रात्री कॉल. म्हणजे नोकरीच की! फक्त पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. मागचं काम एका ईमेलने संपलं, सात दिवसांच्या मुदतीवर.

ब्रिटनने 2000 साली आयआर35 नियम आणला. 'हा कंत्राटदार खरं तर नोकरच ना?' असं तो विचारतो. पण तेही कर वसूल करायला. हक्क द्यायला नाही!

तेव्हा मंडळी, कायद्याची वाट बघू नका. दर सांगतानाच त्यात पीएफ, विमा आणि सहा रिकामे महिने धरा. नाहीतर ते डॉलर स्वस्तात पडले असं क्लायंटच म्हणेल.

असो. पोह्यांचं बिल मीच दिलं.