जोडाची ताकद

निवासी शाळेची इमारत ही केवळ अध्यापनाची जागा नव्हे. रात्री शेकडो मुले तिच्या छपराखाली निर्धास्त झोपलेली असतात. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा, हे दोन्ही भूकंप लोक झोपेत असतानाच झाले. किल्लारीत जीव घेतले ते मुख्यत्वे दगड-मातीच्या जड भिंतींनी. त्या तुलनेत पोलादी सांगाडा हलका व लवचिक; म्हणून नव्या सभागृहासाठी वा वाढीव मजल्यासाठी तो निवडणे योग्यच. परंतु पोलाद वापरले म्हणजे इमारत सुरक्षित झाली, हा समज घातक आहे.

खांब आणि तुळया यांच्या चौकटीत बसवलेले तिरके दांडे, म्हणजेच ब्रेसिंग, भूकंपाचा आडवा धक्का पेलतात. एक दांडा ताणला जातो तेव्हा दुसरा दाबाने वाकतो. पुढच्याच क्षणी उलट घडते. या क्रियेत भूकंपाची ऊर्जा खर्ची पडते आणि खांब वाचतात. मात्र त्यासाठी जोड हा दांड्याहून बळकट हवा. 1995 च्या कोबे भूकंपात अनेक जुन्या पोलादी इमारतींत दांड्याआधी त्याचे जोडच तुटले. आपले आय.एस. 800 : 2007 हे मानकही जोडाच्या ताकदीवर भर देते. खांबाच्या मध्यावर भिडणारे ‘के’ आकाराचे ब्रेसिंग तर ते नाकारते. कारण एक दांडा वाकला की दुसऱ्याचा जोर थेट खांबावर येतो.

उणीव ज्ञानाची नाही, दक्षतेची आहे. निविदेत पोलादाचे वजन तपासले जाते. वेल्डिंग कोण तपासतो? पुढे दाराच्या आड येतो म्हणून एखादा दांडा कापलाही जातो. जपानमध्ये 2002 साली भूकंपरोधक शालेय इमारती निम्म्याहून कमी होत्या. आज जवळजवळ सर्व सार्वजनिक प्राथमिक व माध्यमिक शाळा तशा आहेत. तेथील कित्येक शाळांच्या खिडक्यांसमोर पोलादी ब्रेसिंग उभे दिसते. दृश्य थोडे अडते, पण ते कोणी कापत नाही.

म्हणून संस्थाचालकांना विनंती, की जोडांचे नकाशे दप्तरी जपावेत, वेल्डिंगची तपासणी त्रयस्थ अभियंत्याकडून करून घ्यावी आणि त्याच्या लेखी संमतीवाचून एकाही दांड्याला हात लावू देऊ नये. पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलांप्रती हे आपले किमान कर्तव्य आहे.