सरबताला स्वतंत्र माणूस द्या

लग्नाचा अंदाज घ्यायला कोणी आलं की सगळी बोलणी ताटावर होतात. गोड एक की दोन, मसालेभात की पुलाव, भजी कुठली, मठ्ठा धरलाय ना. वेलकम ड्रिंकची ओळ शेवटी येते, तिच्यापुढे ‘आमच्याकडून’ असं लिहिलं जातं आणि दोन्ही बाजूंचं समाधान होतं. कार्याच्या दिवशी क्रम उलटा असतो. उन्हातून, एसटीतून, गाडीतून उतरून आलेल्या पाहुण्याच्या हातात आपल्या स्वयंपाकातली पहिली वस्तू पडते ती हा पेला. त्यात पावडर कालवलेलं नारिंगी पाणी असेल, तर ताट समोर यायच्या आधीच आपल्या कामाबद्दल त्याचं मत व्हायला लागलेलं असतं.

उन्हाळी कार्यं तोंडावर आहेत, म्हणून या महिन्यात सरबताबद्दल लिहितो आहोत. आमचं म्हणणं असं की लिंबाचं सरबत हे ‘जो रिकामा असेल त्याला सांग’ या वर्गातलं काम नाही. त्याला स्वतंत्र माणूस हवा, त्याची स्वतःची भांडी हवीत आणि अंदाजपत्रकात दरासकट स्वतंत्र ओळ हवी.

घरी सहा पेले सरबत सहसा बिघडत नाही, कारण पिळणं, ढवळणं आणि पिणं पाच मिनिटांत होतं. सहाशे पेल्यांत मधे वेळ शिरतो, आणि लिंबाच्या रसाला वेळ सोसत नाही. सकाळी सातला पिळून ठेवलेला रस दुपारी साडेबाराला आंबटच असतो, पण त्याचा वास गेलेला असतो आणि मागे एक कडवट चव उरते. ही कडवट चव कुठून येते हे आपल्या माणसांना समजावून सांगायला हवं. लिंबूवर्गीय फळांच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत कडू द्रव्यं असतात. त्यातलं लिमोनिन हे पिळल्या पिळल्या जिभेला कळत नाही. फळ चिरडलं की त्याचं आधीचं, बेचव रूप रसात उतरतं आणि आंबट रसात राहून हळूहळू कडू होतं. मोसंबीचा रस तासाभराने कडू लागतो त्यामागे हेच आहे. नागपुरी संत्र्याच्या रसाचंही तेच होतं, आणि रस टिकवून विकणाऱ्या उद्योगाला हा प्रश्न कायम सतावत आलेला आहे.

एवढं कळलं की कामाची रीत आपोआप ठरते. लिंबाची फोड मिक्सरमध्ये फिरवायची नाही, कारण बिया फुटतात. पिळणीच्या चिमट्यात फोड अगदी चोथा होईपर्यंत दाबायची नाही. शेवटच्या चार थेंबांबरोबर सालीचं तेल आणि पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो, आणि ते चार थेंब पातेलंभर सरबत खराब करतात. पिळलेला रस लगेच गाळून बियांपासून वेगळा करायचा, झाकून बर्फावर ठेवायचा. कार्याच्या वेळेआधी फार तर दोन-तीन तास पिळायला घ्यायचं. लिंबं मात्र आदल्या दिवशी धुऊन, पुसून बाहेरच ठेवावीत. थंडगार लिंबू घट्ट असतं आणि रस कमी देतं.

आदल्या दिवशी करायचा तो पाक. एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, साखर विरघळून एक उकळी येईपर्यंतच. तार येऊ द्यायची नाही. तारेचा पाक गार पाण्यात नीट मिसळत नाही, तळाशी बसतो, आणि मग पहिल्या पंगतीला आंबट व शेवटच्या पंगतीला गोडमिट्ट सरबत जातं. वर आलेली मळी काढा. मीठ आणि वेलची पाकातच घाला, केशर असेल तर तेही कोमट पाकात भिजू द्या. लिंबाचा रस गरम पाकात कधीही घालू नये. त्याने रसाला शिजल्याची चव येते आणि ताज्या लिंबाचा वास हरवतो. ‘एकदाच सगळं करून टाकू’ या घाईत हे अनेक ठिकाणी होतं.

शंभर पेल्यांचं आमचं प्रमाण देतो. पेला २०० मिलीचा धरला आहे. दीड लिटर गाळलेला रस, म्हणजे मध्यम आकाराची शंभरेक रसदार लिंबं. साखर २.४ किलो, पाकाच्या रूपात. मीठ ४० ग्रॅम, त्यातलं निम्मं पादेलोण चालेल. पाकातलं पाणी धरून साधारण १२ लिटर गार पाणी आणि पाचेक किलो बर्फ. बर्फ घालण्याआधी चाखाल तेव्हा हे मिश्रण जास्त गोड आणि तेज वाटेल, वाटायलाच हवं. थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते, शिवाय बर्फ वितळून पाणी वाढतं. कोमट असताना चवीला बरोबर लागलेलं सरबत पेल्यात पाणचट लागतं. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर रस थोडा वाढवावा लागतो, कारण पाण्यातले क्षार आंबटपणाचा काही भाग मारतात. नव्या कार्यालयात गेलात की तिथल्या पाण्यात एक पेला आधी करून बघा. आणि एका वेळी शंभर पेल्यांचाच घाणा मिसळा. पाचशेंचं एकदम मिसळून ठेवलं तर शेवटच्या दोनशेंना जे मिळतं त्याला सरबत म्हणणं कठीण.

आता लिंबाच्या भावाचं. कागदी लिंबाचे तीन बहार शेतकरी जाणतात, आपल्या धंद्यालाही ते पाठ हवेत. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळं पावसाळ्यात येतात, तेव्हा लिंबू मातीमोल असतं. मृग बहाराची फळं थंडीत. उन्हाळ्यात जे लिंबू मिळतं ते हस्त बहाराचं, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांचं, आणि हा बहार धरणं सगळ्यांत कठीण. झाडाला पाण्याचा ताण द्यायचा तर त्याच वेळी परतीचा पाऊस जमीन ओली करून टाकतो. म्हणजे आपल्याला लिंबू सगळ्यांत जास्त लागतं तेव्हाच ते झाडावर सगळ्यांत कमी असतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना गेलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्या हिशेबाने एका पेल्यात दहा रुपयांचं लिंबू आणि जेमतेम रुपयाची साखर. फुकटाच्या ओळीत हा पेला कसा बसणार?

बसवायचा म्हणून मग लिंबूसत्व येतं, इसेन्स येतो, पिवळा रंग येतो. सायट्रिक ॲसिड खाद्यपदार्थांत चालतं, ते विष नाही, पण त्याला आंबटपणाखेरीज काही नाही. लिंबाचं लिंबूपण सालीच्या तेलात आणि ताज्या रसाच्या वासात असतं. ते सत्वाच्या पुडीत मिळत नाही. महाग दिवसांत लिंबाची नक्कल करण्यापेक्षा यजमानाला सरळ सांगा की मे महिन्यात कैरीचं पन्हं किंवा कोकमाचं सरबत देऊ, त्यात लिंबू नावापुरतं पिळू. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं देणाऱ्या घरांना हे पटवायला फार बोलावं लागणार नाही. आणि थंडीतल्या लग्नांना विदर्भातलं संत्रं आहे. संत्र्याचा रस गोड, त्याला लिंबाच्या रसाची धार दिली, चिमूटभर मीठ घातलं की साखर अगदी थोडी लागते. फक्त संत्रं हाताने सोलून, पांढरे धागे काढून, वाढायच्या आधी तासाभरातच रस काढावा. गणपतीच्या दिवसांत कोकणात पपनस मिळतं. त्याच्या पाकळ्या मोकळ्या करून लिंबाच्या सरबतात सोडल्या तर लहान मुलं पेला पुन्हा मागतात. खरेदीला बाजारात जाल तेव्हा रंगापेक्षा वजन बघा. हातात जड लागणारं, पातळ सालीचं लिंबू घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई सरबती’ वाणाची ओळख हीच आहे, पातळ साल आणि भरपूर रस. व्यापाऱ्याला वाणाचं नाव विचारायची सवय आपल्यात नाही, ती लावून घेतली पाहिजे.

बर्फाबद्दल मात्र सौम्यपणे लिहिता येणार नाही. पोत्यात गुंडाळून टेम्पोतून आलेली लादी, कार्यालयाच्या मागच्या फरशीवर सोट्याने फोडलेली, आणि तेच तुकडे सरबताच्या पिंपात, हे दृश्य अजून दिसतं. राज्यात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा रंगवणं बंधनकारक आहे. निळा बर्फ बाटल्या बाहेरून गार करायला वापरा, पेल्याजवळ तो येता कामा नये. पांढरा दिसला म्हणजे चांगला, असंही धरू नका. खाण्याच्या बर्फाच्या कारखान्याचं बिल मागा आणि जपून ठेवा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे आपल्याच गाळलेल्या पाण्याचे डबे आदल्या रात्री डीप फ्रीझरला लावणं. लिंबू आंबट आहे, जंतू मरतील, हा समज घातक आहे. दीड लिटर रस वीस लिटरांत पसरल्यावर त्याच्यात घाणेरडं पाणी शुद्ध करण्याची ताकद उरत नाही. शंभर माणसांचं जेवण उत्तम केलं आणि सरबताच्या बर्फाने वीस जणांचं पोट बिघडलं, तर गावात नाव जेवणाचंच खराब होतं.

भांडी स्टीलचीच. लिंबाचा रस तांब्या-पितळेला आणि ॲल्युमिनियमलाही लागतो, धातू चवीत आणि पोटात उतरतो. दिखाव्यासाठी तांब्याचं घंगाळ ठेवायचं असेल तर त्यात स्टीलचं भांडं बसवा. रंगाचे रिकामे डबे, रसायनांची पिंपं कितीही घासली तरी सरबताला नकोत. पेल्यांच्या बाबतीत, प्लॅस्टिकचे वापरून फेकायचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. स्टीलचे पेले, ते धुवायला दोन बायका आणि गरम पाणी, हा खर्चही त्याच ओळीत धरावा.

मिठाचा मुद्दा चवीपलीकडचा आहे. मैदानातल्या, मंडपातल्या कार्यक्रमांना माणसं तासन् तास घामाघूम बसतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसं दगावली. सरबत हा सावलीला किंवा डॉक्टरांना पर्याय नाही. पण उघड्यावरच्या कार्यक्रमाचं काम घेताना पाणी आणि मीठ-साखरेचं सरबत हे शोभेचं समजू नये, मंडपाइतकंच ते आवश्यक आहे, हे आयोजकाला सांगण्याची जागा आपलीच आहे. म्हाताऱ्या माणसांच्या खुर्चीपर्यंत पेला नेऊन द्यायला माणूस असावा. साखर न चालणाऱ्यांसाठी लिंबू, मीठ, जिरेपूड आणि आल्याचा रस घातलेलं एक वेगळं भांडं, त्यावर स्पष्ट पाटी लावून, प्रत्येक कार्यात असलंच पाहिजे. त्याला वेगळा पैसा मागू नये असं आमचं मत आहे.

शहरांत आता संगीत आणि रिसेप्शनच्या संध्याकाळी काही घरांत दारूचं काउंटर असतं. तिथे न पिणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं ते बघा. कोल्ड्रिंकची बाटली, नाहीतर बाटलीतल्या निळ्या सिरपात ओतलेला सोडा. न पिणारे पाहुणे बहुतेक वेळा संख्येने जास्त असतात आणि त्यांच्यात घरातली वडीलधारी माणसं असतात. त्यांच्यासाठी लिंबाचाच पेला थोडा प्रौढ करता येतो. पाक अर्धा करा, आल्याचा रस आणि मिरपूड घाला, लिंबाची हिरवी साल फक्त वरवर किसून साखरेत चोळून तासभर ठेवा म्हणजे सालीचं तेल साखरेत उतरतं, आणि सोडा पाहुण्यासमोरच ओता. गोडीला आवर घातलेलं, किंचित तिखट असं हे पेय माणूस सावकाश पितो, हातात पेला घेऊन गप्पा मारतो. दारू न घेणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी हवं असतं ते हेच. धूर निघणारे पेले, द्रव नायट्रोजनचे खेळ यांच्या मागे कोणी लागू नये. ते अंगाशी येतात, आणि इजा पाहुण्याला होते.

या सगळ्याला माणूस लागतो. पाचशे पाहुण्यांना पाचशे लिंबं, म्हणजे चिरायला आणि पिळायला दोन-तीन हात, आणि प्रत्येक घाणा चाखून ‘द्या’ म्हणणारा एक जाणता. हा जाणता वाढप्यांतून आयत्या वेळी उचललेला नसावा. जिलेबीला जसा आपण वेगळा कारागीर बोलावतो आणि त्याची मजुरी वेगळी देतो, तसा. अनेक ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं उत्तम करणाऱ्या बायका आहेत. त्यांची चव पक्की असते, पण त्यांची मजुरी मदतनिसाची असते. ती यंदापासून बदलावी.

पुढच्या अंकात वाचकांची प्रमाणं छापणार आहोत. आपलं प्रमाण शंभर पेल्यांचं लिहा. कुठल्या महिन्यातलं कार्य, लिंबू कुठल्या बाजारातलं आणि पाणी नळाचं की बोअरचं, तेही कळवा. ‘चवीनुसार’ असं कुठेही लिहू नका, ग्रॅममध्ये आणि मिलीमध्ये लिहा. कोकण, खानदेश आणि मराठवाड्यातल्या आचाऱ्यांनी जरूर कळवावं. बेळगाव, इंदूर, बडोद्याकडच्या वाचकांनीही लिहावं. अंक महिन्याच्या २० तारखेला छपाईला जातो, त्याआधी पत्र पोचलं पाहिजे.