डवरणीची कोळपणी

या अंकातला एक लेख यवतमाळकडच्या कापूस वेचणाऱ्या बायांवर आहे. लेखिका त्याच भागातली. तिच्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत मार्गदर्शकांनी प्रत्येक ‘डवरणी’ लाल शाईने खोडून ‘कोळपणी’ केली होती. काम तेच, पिकाच्या ओळींमधलं तण काढण्याचं, मान्य. पण तिकडच्या शेतात डवरा चालतो, कोळपं नाही. मुलाखत देणारी बाई जे बोललीच नाही ते तिच्या तोंडी घालायचं, आणि त्याला शुद्धलेखन म्हणायचं! (पुण्याच्या पेठेतला शब्द कुणी खोडल्याचं ऐकिवात नाही.)

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ १३व्या शतकात, यवतमाळ ज्यात येतं त्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिलं गेलं. संस्कृत जाणणाऱ्या म्हाइंभटांनी ते लोकांच्या बोलण्यात लिहिलं.

मुद्रितशोधनाच्या नावाखाली आम्हीही बरंच खोडलं आहे. या अंकापासून मुलाखतींतली वाक्यं जशीच्या तशी छापू. अनोळखी शब्दाचा अर्थ तळटीपेत. विवेचनही बोलीत चालेल. पुराव्यात आणि युक्तिवादात मात्र सवलत नाही.

अहिराणी, मालवणी, झाडीबोलीत विचार करणाऱ्यांनी पुढच्या अंकासाठी लेख पाठवावेत. आधी कुणाकडून ‘सुधारून’ घेऊ नयेत.