तिच्या हातातली दुर्बीण

मैत्रिणींनो, नाटकाला जायचं ठरलं की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, कुठली साडी नेसू? दुसरा, घरी परत यायला किती वाजतील? नाटक कुठलं आहे, हा प्रश्न बरेचदा तिसरा असतो. यात हसण्यासारखं काही नाही. चारचौघांत गेलेली बाई बघायला जाते तशी बघितलीही जाते, हे तिला लहानपणापासून ठाऊक असतं.

पॅरिसमध्येही वेगळं नव्हतं. ऑग्युस्त रेन्वार या चित्रकाराने १८७४ साली नाट्यगृहातल्या श्रीमंतांच्या बाल्कनीचं एक चित्र काढलं. पुढे बसलेली बाई काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झगा, गळ्यात मोती, केसांत फूल अशी नटलेली. तिची छोटी दुर्बीण हातात नुसतीच खाली धरलेली. मागचा पुरुष मात्र दुर्बीण डोळ्याला लावून वरच्या बाल्कन्या न्याहाळतोय. रंगमंचाकडे दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही! चित्र देखणं आहे, पण त्यातली बाई जणू शोकेसमध्ये ठेवलेली.

चार वर्षांनी, १८७८ मध्ये, तोच विषय एका बाईने हाती घेतला. मेरी कॅसॅट ही मूळची अमेरिकेची, चित्रकला शिकायला पॅरिसला आलेली. तिथल्या सरकारी कलाशाळेत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १८९७ साली. मग ही खासगी शिकवण्या घेऊन आणि संग्रहालयातल्या चित्रांच्या नकला करून शिकली. तिच्या चित्रातली बाई साध्या काळ्या, गळाबंद कपड्यांत आहे. एका हातात मिटलेला पंखा, दुसऱ्या हाताने दुर्बीण डोळ्याला लावलेली, आणि ती पुढे झुकून मन लावून बघतेय. दूरच्या बाल्कनीतून एक गृहस्थ आपली दुर्बीण थेट तिच्यावर रोखून आहेत. तिला त्याची फिकीर नाही. बघायला आलेय, बघून जाईन!

माहुलच्या वसाहतीत आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत मी या चित्राची छापील प्रत फिरवली. रिफायनरीच्या शेजारच्या या इमारतींत शहराच्या निरनिराळ्या भागांतून घरं तुटलेली कुटुंबं आणून वसवलेली. हवा आणि पाण्याच्या तक्रारींतून डोकं वर काढायला सवड नाही, तिथे परदेशी चित्र कशाला, असं मलाही वाटत होतं. पण घरकाम करणाऱ्या एका मावशींनी क्षणात बोट ठेवलं. "ताई, तो मेला बघा कसा बघतोय तिच्याकडं! आन् हिचं लक्षच न्हाई. बरं केलं." यापेक्षा चांगली समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

आपल्या रंगभूमीची गंमत तर आणखी न्यारी. बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे तेव्हा ते साडी कशी नेसतात, अंबाड्यात फुलं कशी माळतात, हे प्रेक्षकांतल्या बायका टिपून घ्यायच्या आणि घरी तसंच करायच्या. म्हणजे बाईने कसं दिसावं, हे बाई पुरुषाकडून शिकत होती! घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल टाकणं समाजाला पचायला बराच काळ गेला. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, त्याची म्हणून तर इतकी चर्चा झाली. तमाशातल्या बाया मात्र त्याआधी कितीतरी वर्षं नाचत-गात होत्या. त्यांना कोणी घरंदाज म्हटलं नाही, आणि त्यांची कला बघायला घरंदाज बाईला मज्जाव. दोघींमध्ये भिंत घातली ती बघणाऱ्या पुरुषांच्या सोयीने, असं माझं स्पष्ट मत आहे. अलीकडे खास महिलांसाठी लावणीचे खेळ होऊ लागले, तेव्हा शिट्ट्या मारणाऱ्या बायका बघून काहींनी नाकं मुरडली. मला तर फार आनंद झाला.

आता नाटकाला जायला बंदी कोणाची नाही. तरी किती जणी जातात? तिकिटाचे पैसे हे एक कारण, पण खरी अडचण वेळेची. रात्री साडेआठचा खेळ सुटायला साडेअकरा होतात. तालुक्याच्या गावी शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. माहुलच्या बाईला दादरहून आधी लोकल आणि मग बस गाठायची असते. स्वयंपाक करून निघायचं, परत आल्यावर ओटा आवरायचा. शिवाय नाट्यगृहातलं स्वच्छतागृह कसं असेल, या धास्तीने दुपारपासून पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी मला ठाऊक आहेत.

कॅसॅटच्या चित्रातल्या बाईचे कपडे दिवसाचे आहेत. म्हणून तो दुपारचा खेळ असावा असं जाणकार मानतात. मला हे फार पटलं. नगरपालिकेच्या नाट्यगृहात महिन्यातून एक दुपार बायकांसाठी ठेवली, कमी दरात, आणि स्वच्छतागृहांना कड्या अन् पाणी असलं, तर नाट्यगृह भरेल की नाही बघा. तुमच्या गावच्या नगरसेविकेला हे लेखी द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

आमच्या मंडळाने भिशीसारखे महिन्याला पन्नास रुपये बाजूला काढायला सुरुवात केलीय. चाळीस नावं आली आहेत. खेळ दुपारी साडेतीनचा, बस ठरलीय, आणि त्या मावशींनी खिडकीची जागा आत्ताच सांगून ठेवलीय.