ताटातील नासाडी आणि जगाचा संकल्प

अन्नाची नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली सोडला. पुढे २०२२ या एका वर्षात जगाने १०५ कोटी टन अन्न टाकून दिले. पैकी ६० टक्के घराघरांतून! शेतातील व ताटातील नासाडी मिळून पृथ्वी तापविणाऱ्या वायूंचा ८ ते १० टक्के भार होतो. हे श्रीमंत राष्ट्रांचे पाप, असे म्हणून आपल्या सुशिक्षित वर्गास हात झटकता येणार नाहीत. त्यांच्या आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या घरगुती नासाडीत दरडोई वर्षाला अवघा ७ किलोंचा फरक आढळला आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर माहीत झालेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तुरीच्या गंजीवर अवकाळी पाऊस पडला, की कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष बुडते. ती नासाडी लाचारीची होय. मंगल कार्यालयांतून उष्ट्या अन्नाची पिंपे उकिरड्यावर रिती होतात, त्या नासाडीस कोणते नाव द्यावे? १९६५ साली शास्त्रीजींच्या शब्दाखातर सोमवारची रात्र उपाशी काढणारी घरे याच मध्यमवर्गात होती. पंगतीतील पदार्थ आवरण्यास राष्ट्रसंघाचे साहाय्य लागत नाही. ते तालुक्याच्या गोदामांकडे वळवावे, आणि जिल्हा प्रशासनाने तशी मागणी येत्या हंगामापूर्वी सरकारकडे नोंदवावी, असे आम्ही सुचवितो.