विश्लेषण : कबड्डीचा संघ लिलावात घडतो की लिलावाआधी?

प्रो कबड्डी लीगचा लिलाव सुरू झाला की चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक जण संघाचा मालक होतो. ‘याला का सोडला?’, ‘त्याच्यावर एवढे पैसे कशाला?’ असे वाद सामन्यांइतकेच रंगतात. अकोले तालुक्यात हा वाद जरा जास्तच चवीने होतो. कारण पुणेरी पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्याच जिल्ह्यातला, श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. त्याचा संघ कसा उभा राहिला हे पाहिले, तर बोलीच्या रात्री होणारा गाजावाजा निम्मा फोल वाटू लागतो.

बोली आणि ‘ड्राफ्ट’ यांत फरक काय?

अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’ने वाटले जातात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला साधारणपणे आधी निवड करता येते. दुबळ्याला हात देण्याची ही सोय आहे. भारतातही इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेने 2014 मध्ये देशी खेळाडूंसाठी ड्राफ्टच ठेवला होता. कबड्डीने मात्र पहिल्या हंगामापासून बोलीचा रस्ता धरला. त्या वर्षी राकेश कुमार 12.80 लाखांना सर्वांत महागडा ठरला होता. 2018 मध्ये मोनू गोयतची बोली 1.51 कोटींवर गेली आणि 2023 मध्ये पवन सेहरावतची 2.605 कोटींवर.

खरी मेख आहे ती खर्चाच्या मर्यादेत. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून 5 कोटी रुपये आहेत आणि कायम ठेवलेल्या खेळाडूंचे मानधनही त्यातच धरायचे. म्हणजे तेलुगू टायटन्सने पवनला घेतले तेव्हा निम्म्याहून अधिक थैली एकाच माणसावर रिकामी झाली. मॅटवर खेळायला सात जण लागतात. पवनने आपले काम चोख केले, पण डाव्या-उजव्या कोपऱ्यात पकड करणारे भरवशाचे नसतील तर एकट्या चढाईपटूने किती ओढायचे? त्या हंगामात टायटन्सला 22 सामन्यांत अवघे 2 विजय मिळाले आणि संघ तळाला राहिला.

मग पुण्याने 2.35 कोटी कसे परवडवले?

त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूवर 2.35 कोटी लावले. वरवर पाहता तोच जुगार, आणि निकाल मात्र अगदी उलटा. पुणे 96 गुणांसह गुणतक्त्यात पहिले आले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले. शादलू हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, तर सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान अस्लमला मिळाला.

याचे उत्तर दोन वर्षे मागे आहे. आठव्या हंगामात पुण्याकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावे होती, पण संघाला तारले ते अस्लम आणि मोहित गोयत या नवख्यांनी. ही मुले ‘नवा तरुण खेळाडू’ या गटातून आली होती. या गटातील खेळाडूंना लिलावाबाहेर करारबद्ध करता येते. चांगले निघाले तर पुढेही हाताशी ठेवता येते आणि त्यांचे मानधन नावाजलेल्यांच्या मानाने बरेच कमी असते. नवव्या हंगामात पुणे अंतिम फेरीपर्यंत गेले. अस्लम-मोहित दुखापतीमुळे बाहेर असताना जयपूरने त्यांना 33-29 असे रोखले. संघ मोडून नव्याने बांधण्याचा मोह अशाच वेळी होतो. पुण्याने तो टाळला. बाकीचा संघ आधीच आणि स्वस्तात तयार होता, म्हणून शादलूसाठी थैली मोकळी होती.

हे फक्त पुण्याचेच नाही. नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने पवनला 2.26 कोटींना घेतले आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. त्या संघाला प्रथमच उपांत्य फेरीत नेले ते नरेंदर कंडोला या पहिलाच हंगाम खेळणाऱ्या पोराने, चढाईत तब्बल 243 गुण मिळवून.

अर्थात, तारांकित खेळाडू लागतच नाही असे म्हणणेही भाबडेपणाचे. शादलू पुढच्या वर्षी 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला आणि हरियाणाने पुण्यातच, बालेवाडीत, करंडक उचलला. पुणे बाद फेरीच्या आसपासही नव्हते. तरीही गाभा टिकल्यामुळे बाराव्या हंगामात पुणे पुन्हा अंतिम फेरीत दिसले. दिल्लीने त्यांना 31-28 असे हरवले. त्या सामन्यात पुण्यासाठी लढला तो आदित्य शिंदे हा तरुण चढाईपटू. विकत आणलेला तारा एखादे वर्ष उजळतो. घरी वाढवलेली मुले चार-पाच वर्षे पुरतात, हे माझ्यासारख्या पाहणाऱ्याचे मत आहे.

ज्यांनी मुलगा घडवला त्यांच्या पदरात काय?

इथे मात्र खेळाची गोष्ट संपून हिशेबाची सुरू होते. तरुण मुले स्वस्तात मिळतात, कारण त्यांना घडवण्याचा खर्च आधीच दुसऱ्या कोणी तरी केलेला असतो. मैदानावर माती टाकणारे मंडळ, शाळा सुटल्यावर थांबणारे क्रीडाशिक्षक, स्पर्धेला जायला जीपचे भाडे भरणारा गावातला एखादा दुकानदार. कोतूळ, समशेरपूर, राजूर या पट्ट्यात किंवा एखाद्या आश्रमशाळेच्या पटांगणावर खेळणाऱ्या पोराची पहिली आठ-दहा वर्षे अशीच जातात.

फुटबॉलमध्ये याची दखल घेणारा नियम आहे. करार चालू असताना खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे विकला गेला, की त्या रकमेतील 5 टक्के वाटा त्याला वयाच्या 12 ते 23 या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. त्यासाठी खेळाडू कोणत्या वर्षी कुठे खेळला याची नोंद ठेवतात. कबड्डीत असे करायला अडचण एवढीच की लिलावातील बोली म्हणजे खेळाडूचे स्वतःचे मानधन. ती संघाने संघाला दिलेली किंमत नसते. त्यातून वाटा काढला तर तो पोराच्याच खिशातून जाईल, आणि तसे होऊ नये. आखाड्यात जेमतेम दहा वर्षे मिळणाऱ्या माणसाकडून कपात मागणे बरे नव्हे.

पण बोलीच्या वर 5 टक्के संघमालकाने भरावेत, असा नियम लीगला करता येईल. 2 कोटींच्या बोलीवर ते 10 लाख होतात. ‘मुलगा नक्की कोणी घडवला?’ हा वाद होईल, हे उघड आहे. मात्र किशोर आणि कुमार गटाच्या जिल्हा निवड चाचणीला मुले मंडळाच्या नावानेच उतरतात. ती यादी जिल्हा संघटनेकडे येतेच. ती वर्षानुवर्षे जपून ठेवायला लीगच्या परवानगीची गरज नाही. निदान येत्या चाचणीपासून आपल्या जिल्ह्याने ते सुरू करावे, आणि मंडळांनीही आपल्या प्रवेशपत्रिकेची एक प्रत शिक्क्यासह मागून घ्यावी.